जुन्या गाडीचा अपघात-क्लेम: कपात कुठे होते ते बघा

यवतमाळ-दारव्हा रस्त्यावर रात्री रोही आडवा आला अन् गाडी ठोकली, तर टोचन करण्याआधी जागेवरच फोटो काढा: नंबर प्लेट, फुटलेला रेडिएटर, खाली सांडलेलं कूलंट. विमा कंपनीला लगेच कळवा. सर्व्हेअर (कंपनीतर्फे नुकसान तपासणारा) येईपर्यंत मेकॅनिकला एक नटही खोलू देऊ नका. (पॉलिसी फक्त थर्ड पार्टी असेल, तर आपल्या गाडीचं काहीच मिळत नाही.)

खरी कात्री लागते घसाऱ्याची, म्हणजे पार्ट जुना झाला म्हणून त्याच्या किमतीत होणाऱ्या कपातीची. झिरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कव्हर) नसेल तर प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरीवर ५० टक्के कपात. गाडी १० वर्षांपुढची असेल तर पत्र्यालाही तेवढीच. काचेवर मात्र शून्य, आणि मजुरीवरही घसारा लागत नाही. म्हणून गॅरेजवाल्याकडून एकठोक बिल घेऊच नका. प्रत्येक पार्ट आणि मजुरी वेगळी लिहून घ्या. काचेचे पैसे कापलेले दिसले, तर लेखी हरकत घ्या.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं धरतात. पाच वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही दोघांच्या संमतीनं ठरते, तेव्हा हप्ता वाचवायला ती पाडून घेऊ नका.

कंपनीच्या तक्रार विभागानं दाद दिली नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.