जुन्या डॅनिश डायनिंग चेअर घ्यायच्यात? आधी उलटी करून बघा

अमेरिकेत घर घेतलं की डायनिंग सेटचा विषय निघतोच, आणि शोरूममध्ये सहा नवीन खुर्च्यांचा भाव ऐकला की घाम फुटतो. त्यापेक्षा १९५०-६० च्या काळातल्या डॅनिश सागवानी खुर्च्या शोधा, इस्टेट सेलमध्ये (म्हणजे एखाद्या घरातलं सगळं सामान विकायला काढतात तिथे) आणि फेसबुक मार्केटप्लेसवर अजून मिळतात. फक्त काय बघायचं ते माहीत पाहिजे, कारण हल्ली निमुळते पाय दिसले की विकणारे लगेच "मिड-सेंच्युरी" (म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यातलं) लिहून डबल भाव लावतात.

खुर्ची उलटी करा, लाजू नका. सीटखालच्या पट्टीच्या आतल्या बाजूला लाकडात उठवलेला शिक्का किंवा छोटी गोल टिकली असते, "मेड इन डेन्मार्क" किंवा बनवणाऱ्याचं नाव. जे. एल. मोलर दिसलं तर उड्या मारा, ही १९४४ सालची कंपनी, त्यांचं मॉडेल ७१ (१९५१) आणि ७८ (१९६२) लोक हुडकत फिरतात. पण शिक्का नाही म्हणजे माल खोटा असंही नाही, टिकल्या पडतात, स्टिकर निघतात. आणि नुसता शिक्का बघून पैसे काढू नका, खरी परीक्षा सांध्यांची.

सपाट फरशीवर ठेवा, पाठ दोन्ही हातांनी धरून तिरकी दाबा. मागचा पाय आणि सीटची पट्टी जुळते तिथे हलतंय का, बारीक केसासारखी भेग आहे का, मोबाईलचा टॉर्च मारून बघा. नुसता सांधा सैल असेल तर घाबरू नका, तो उघडून जुना डिंक खरवडून परत चिकटवता येतो, क्लॅम्प लावून दिवसभर ठेवायचा की झालं. पण आधीच्या मालकाने (आपल्याकडचे काका करतात तसं) खिळा ठोकून किंवा लोखंडी एल-पट्टी मारून "पक्कं" केलं असेल तर लाकूड आतून फाटलेलं असू शकतं, तिथे भाव पाडा नाहीतर सोडून द्या. आणि पाठ प्लायची असेल तर सँडिंग मशीन घेऊन बसू नका, वरचं व्हिनिअर (चांगल्या लाकडाचा चिकटवलेला थर) अगदी पातळ असतं, एकदा गेलं की गेलं.

मग सीट. फोम असेल तर जुना भुगा होतोच, ते बदलणं स्वस्त आहे, कापडाच्या शिवणीत ढेकूण मात्र नीट तपासा, गाडीत टाकायच्या आधी, घरी आणल्यावर नाही. पेपर कॉर्डची (कागद पिळून केलेल्या दोरीची) विणलेली सीट असेल तर वेगळा हिशोब. डॅनिश डिझायनर हान्स वेगनरच्या विशबोन चेअरच्या (१९४९ चं डिझाईन) एका सीटला साधारण १२० मीटर कॉर्ड लागते, हाताने विणतात, त्यामुळे तुटलेली सीट स्वस्तात मिळाली म्हणून खूश होण्याआधी विणणाऱ्याचा रेट विचारा, कधी कधी खुर्चीपेक्षा विणकाम महाग पडतं.

टेप न्याच. सीटपासून टेबलाच्या वरपर्यंत २८-३० सेंटीमीटर जागा लागते, नाहीतर जेवताना गुडघे आपटतात, आणि हातवाल्या खुर्चीचे हात टेबलाखाली जातात का तेही मोजा.

सहाचा सेट एकदम मिळेपर्यंत थांबू नका असं माझं मत, कॉमन मॉडेल पकडा आणि दोन-दोन करून जमवा, सुट्ट्या खुर्च्या कायम स्वस्त पडतात. उन्हात राहिलेलं सागवान आणि अंधाऱ्या खोलीतलं सागवान, रंगात फरक दिसणारच, साफ करून तेल लावलं की बराचसा जुळतो. इस्टेट सेलला शेवटच्या दिवशी बऱ्याचदा अर्ध्या भावात देतात, पण चांगल्या खुर्च्या पहिल्या सकाळीच उडतात, तेव्हा आपलं आपण ठरवा.

रोझवूडची घेऊन पुढेमागे भारतात न्यायचा विचार असेल तर जरा थांबा. ब्राझीलचं रोझवूड १९९२ पासून साईट्सच्या (CITES, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) सगळ्यात कडक यादीत आहे, परमिटशिवाय सीमा ओलांडता येत नाही. सागवानाला ही कटकट नाही.

घरी आणल्यावर ओल्या फडक्याने पुसून, पूर्ण वाळवून, टीक ऑईलचा पातळ हात मारा आणि जास्तीचं तेल पुसून काढा. ते तेलकट बोळे गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, आपोआप पेटतात, बाहेर सुटे पसरून कडक वाळू द्या.