‘निवांत’ची मुळं कशी शोधायची

सोयाबीन घरात आलं, पोट्टे शाळेत गेले, की विदर्भातला माणूस ‘निवांत’ होतो. हा शब्द कुठून आला ते वही-पेन आणि एक-दोन कोश हाताशी असले तर शोधता येतं. मात्र सुरुवात कोशापासून करू नका. आधी गावातली वाक्यं गोळा करा.

दहा-बारा वाक्यं पुरतात, पण ती तरण्या, मधल्या आणि म्हाताऱ्या अशा तिन्ही वयांच्या तोंडची हवीत. ‘निवांत म्हणजे काय?’ असं थेट विचारलं की समोरचा शाळेतलं उत्तर देतो, ‘शांत’. म्हणून विचारू नका, ऐका: पारावर, बाजाराच्या दिवशी, कापूस वेचताना. वाक्य पूर्ण आणि जसंच्या तसं उतरवा. ‘सोयाबीन निंगालं का मंग निवांत’ हे प्रमाण मराठीत सुधारून लिहिलं, तर नोंद वाया गेली. वऱ्हाडीत डोळ्याचा ‘डोया’ होतो, तोही तसाच राहू द्या. अकोला-अमरावतीकडची वऱ्हाडी आणि भंडारा-गडचिरोलीकडची झाडी बोली यांची सरमिसळ नको. प्रत्येक वाक्यापुढे तालुका आणि बोलणाऱ्याचं अंदाजे वय टाका.

आता प्रत्येक वाक्यात ‘निवांत’च्या जागी ‘शांत’ घालून पाहा. खरा अर्थ इथेच उघडा पडतो. ‘पोट्टे शांत बसले’ म्हणजे गोंधळ थांबला. ‘निवांत बसले’ म्हणजे त्यांच्यामागे काम नाही, घाई नाही. ‘निवांत ये’ म्हणता येतं, ‘शांत ये’ त्या अर्थानं म्हणता येत नाही. म्हणजे ‘निवांत’मध्ये मोकळा वेळ आणि बिनधास्तपणा आहे, नुसती शांतता नाही.

मग कोश. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या 1857 च्या आवृत्तीत शब्दानंतर कंसात मूळ भाषेची खूण असते, ती आधी पाहा. कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ (1946) याच कामासाठी आहे. एकाच कोशावर थांबू नका.

सगळ्यात जास्त चुका शब्द फोडताना होतात. ‘शांत’ हा ‘शम्’ धातूपासून आला, जसे ‘दम्’चा ‘दांत’ (संयमी या अर्थाचा, तोंडातला नव्हे), ‘श्रम्’चा ‘श्रांत’. तोच साचा ‘निवांत’ला लावून ‘नि + वांत’ केलं, की ‘वम्’पाशी, म्हणजे वांतीपाशी, उलटीपाशी पोचाल! ‘एकांत’सारखा शेवटी ‘अंत’ही काढू नका, ‘एक + अंत’ तिथे खरं आहे, इथे नाही. ‘विश्रांती’ही शांतीची बहीण नव्हे, ती ‘श्रम्’ची.

‘निवांत’ची नाळ जोडली जाते ती संस्कृत ‘निवात’शी, म्हणजे ‘जिथे वारा नाही’. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात (श्लोक 19) ‘दीपो निवातस्थो’ आहे: वारा नसलेल्या जागी दिवा हलत नाही, तसं योग्याचं चित्त. मधला अनुस्वार मागाहून आला. ‘वक्र’पासून झालेला ‘वाकडा’ जुन्या लिखाणात ‘वांकडा’ दिसतो, तसाच हा प्रकार. इथे दिव्यामुळे आणखी एक घोटाळा होतो. ‘वात नसलेला दिवा’ असा अर्थ मुलं हमखास लावतात. दिव्याची वात संस्कृत ‘वर्ति’पासून आली, वाऱ्याच्या ‘वात’शी तिचं काही नातं नाही. वर्गात समजावताना एक दिवा देवळीत आणि दुसरा उंबऱ्यावर ठेवा, मुलांना लगेच कळतं. खळ्यावर ज्यानं वारा पडल्यामुळे धान्य उपणायचं थांबवलं आणि तो टेकला, त्याला तर सांगावंही लागत नाही.

शेवटी स्वयंपाकघरात जा. ‘भात निवू दे’ मधला ‘निवणे’ संस्कृत ‘निर्वा’, म्हणजे विझणे, थंडावणे, यातून आला, ‘निर्वाण’ही त्यातूनच. ‘वात’ आणि ‘निर्वा’ दोन्हींच्या तळाशी ‘वा’, म्हणजे वारा वाहणे, हाच धातू आहे. पण वाट वेगळी, म्हणून ‘निवणे’ला ‘निवांत’चा बाप ठरवू नका. वहीत नातं चुलत भावाचं लिहा.