कोणती टेप?

प्रबंधाच्या पहिल्या वर्षाचा आढावा. समोर तीन जण, मधल्या बाईंच्या हातात माझं 9,000 शब्दांचं प्रकरण. त्यांनी चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, “कोणती टेप?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या टेपवर मी 7 आठवडे घालवले होते, ती कधी नव्हतीच.

इंग्लंडमध्ये टीव्हीचा इतिहास शिकायला येताय, आणि त्यातही मुलांच्या जुन्या मालिका, पुस्तकांची रूपांतरं असा विषय डोक्यात आहे? तर हे तुमच्यासाठी. व्हिसा, घरभाडं, संदर्भसूची यावर सांगणारे ढिगाने आहेत, त्यांना विचारा.

माझा विषय होता ग्रेफ्रायर्स. फ्रँक रिचर्ड्स या टोपणनावाने चार्ल्स हॅमिल्टनने ‘मॅग्नेट’ साप्ताहिकात 1908 ते 1940 या काळात रचलेली बोर्डिंग शाळा, आणि तिथला खादाड, थापाड्या बिली बंटर. 1952 मध्ये बीबीसीने तो टीव्हीवर आणला, 1961 पर्यंत चालवला. पटकथाही हॅमिल्टनच्याच. तेव्हा तो पंचाहत्तरीचा होता.

आता माझी चूक. कार्यक्रमांच्या जुन्या याद्यांत दिसलं की 1952 चे सुरुवातीचे भाग संध्याकाळी मुलांसाठी आणि त्याच रात्री मोठ्यांसाठी, असे दोनदा लागले होते. मी खूश! लगेच सिद्धांत: एकच रेकॉर्डिंग दोन्ही प्रेक्षकांना दाखवलं, म्हणजे बीबीसीच्या मते बापाला आणि पोराला एकाच विनोदावर हसू येत होतं. त्यावर तीन उपशीर्षकं रचली. एक तक्ताही केला होता, त्याची आज लाज वाटते.

रेकॉर्डिंग नव्हतंच. 1952 मध्ये व्हिडिओटेप कुठली? ते यंत्र बाजारात आलं 1956 मध्ये, बीबीसीकडे वापरात आलं 1958 मध्ये. त्याआधी काही जपायचंच असेल, तर टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून चित्रण करत. ते खर्चाचं, आणि दिसायलाही धूसर. म्हणून ‘पुन्हा दाखवलं’ म्हणजे पुन्हा केलं. तेच नट, तोच सेट, तेच संवाद, पण नव्याने, थेट. सहाच्या सुमारास मुलांचे कार्यक्रम संपले की पडदा तासभर तरी कोरा ठेवत, पोरांना झोपवायला सोपं जावं म्हणून. ही प्रथा 1957 पर्यंत होती. तेवढ्या वेळात बंटरने चहा पिऊन घ्यायचा आणि रात्री पुन्हा तेच केक चोरायचे. मोठ्यांच्या नाटकांचंही तसंच: 1954 मध्ये ऑर्वेलच्या ‘1984’चं रूपांतर रविवारी झालं आणि गुरुवारी सगळ्यांनी पुन्हा उभं राहून केलं.

हे इतकं उगाळतोय, कारण आजच्या डोक्याला ते पटकन समजत नाही. यादीत ‘पुनर्प्रक्षेपण’ दिसलं की आपण मनात बटण दाबतो. रात्री आईला फोनवर रडगाणं सांगितलं, तर ती म्हणाली, “अरे, म्हणजे दोन प्रयोग झाले की!” झालं. जाहिरातीत ‘342 वा प्रयोग’ असं छापणाऱ्या गावातला मी, शिवाजी मंदिरला दुपारचं बालनाट्य बघून वाढलेला, आणि ‘प्रयोग’ हा शब्दच विसरलो होतो.

तेव्हा 1958 च्या आधीचं काहीही हाती घेतलंत, तर आधी विचारा: हे थेट होतं का, जपलं का, कशावर? बंटरचे फारच थोडे भाग शिल्लक आहेत. त्यावरून सगळ्या मालिकेबद्दल बोलू नका. मी बोललो होतो.

घाबरू नका मात्र. भाग हरवले तरी कागद असतात. रेडिंगजवळ कॅव्हरशॅमला बीबीसीचं लेखी दफ्तर आहे, आधी वेळ घेऊन जावं लागतं. चाहत्यांनी केलेल्या भागांच्या यादीवर प्रबंध उभारणाऱ्यांबद्दल मला काही बोलायचं नाही. बोललो तर वाईट बोलेन.

मूळ गोष्टी मात्र वाचाच, आळस नको. छापील बंटर कुठेही पळतो: नदी, रान, खाऊचं दुकान. थेट स्टुडिओत त्याला वर्ग, बोळ आणि अभ्यासाची खोली एवढंच मिळतं. त्याला पडलेली लाथ कागदावर अर्धं पान विव्हळते, स्टुडिओत ती एका क्षणात संपते आणि पुढचा नट दारात उभा हवा. शिवाय मुलं वाढतात. सोबतची पोरं बदलत गेली, क्वेल्च मास्तरही बदलले, बंटर मात्र शेवटपर्यंत जेराल्ड कॅम्पियनच. तो 1921 चा, म्हणजे सुरुवातीलाच तिशी ओलांडलेला! छापील गोष्टीत बंटर 32 वर्षं त्याच इयत्तेत राहिला, तेव्हा कुणाला खटकलं नव्हतं.

त्याच वर्गात एक हिंदुस्थानी राजपुत्र आहे, हरी जमसेट राम सिंग. जमसेट आपल्या मुंबईच्या पारश्याचं नाव, पुढे राम, वर सिंग! इथल्या एकाही वर्गमित्राला यात काही वावगं दिसलं नाही. मला पहिल्याच पानावर दिसलं. अशा ठिकाणी तुमचा मराठी कान कामाला येतो, तो लपवू नका.

मार्गदर्शकांबद्दल एकच. स्वल्पविराम सुधारणारा मार्गदर्शक गोड वाटतो, पण तो तुम्हाला बुडवतो. माझ्या मार्गदर्शकांनी ते प्रकरण दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा “इंटरेस्टिंग” म्हटलं. या देशात त्या शब्दाचा अर्थ काय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

प्रकरण पुन्हा लिहायला 4 महिने लागले. दुसऱ्या आढाव्याला त्याच बाई. या वेळी विचारलं, “संध्याकाळी आणि रात्री क्वेल्च सारखंच बोलले असतील, कशावरून?”

“कशावरूनच नाही,” मी म्हटलं. “तसं लिहिलंय, पान 14.”

त्यांनी पान 14 उघडलं.