लाळेतलं अमायलेज जिवाणू धरतात का, हे तपासायची पद्धत

स्ट्रेप्टोकॉकस गॉर्डोनाय हा दातांवर सुरुवातीलाच येऊन बसणारा जिवाणू. लाळेतलं अल्फा-अमायलेज हे स्टार्च तोडणारं एन्झाइम तो एबीपी-ए या प्रथिनाने धरतो, आणि धरलेलं अमायलेज स्टार्च तोडतच राहतं. हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत दाखवता येतं. लाळ आणि जिवाणू एकत्र ठेवा, जिवाणू खाली बसवा आणि वरच्या द्रवात अमायलेज किती उरलं ते बघा.

लाळ सकाळी, उपाशीपोटी घ्या. कोल्हापुरात नऊ वाजता जमलेल्या बॅचमधले निम्मे मिसळ-पाव खाऊन आलेले असतात, काहींनी मिश्री लावलेली असते; त्यांची लाळ नको. साध्या पाण्याने चूळ भरायला लावून पाच मिनिटांनी बर्फातल्या नळीत ५ मिली जमवा. सेंट्रिफ्यूजमध्ये ४ अंशांवर १०,००० जी वेगाने १५ मिनिटं फिरवून वरचा स्वच्छ भाग घ्या.

गॉर्डोनाय टॉड-हेविट ब्रॉथ या पोषक द्रवात ३७ अंशांवर, कँडल जारमध्ये (आत मेणबत्ती पेटवून झाकलेल्या बरणीत) वाढवा. वरून ग्लुकोज घालू नका, त्याने एबीपी-ए कमी बनतं. रात्रभर ठेवून पार म्हातारं झालेलं कल्चरही नको. ताज्या ब्रॉथमध्ये पुन्हा टाकून वाढ जोरात असतानाच काढा. ५,००० जी वेगाने १० मिनिटं फिरवा, फॉस्फेट बफर सलाइनने दोनदा धुवा आणि ६०० नॅनोमीटरला ओडी (द्रवाच्या गढूळपणाचं माप) १ येईल इतपत पातळ करा. धुण्यात घाई नको. एबीपी-ए ब्रॉथमध्येही सुटलेलं असतं. ते लाळेतलं अमायलेज पकडतं आणि त्याच्यासकट वरच्या द्रवातच राहतं, मग जिवाणूंनी काही धरलंच नाही असं वाटतं.

सगळ्यात जास्त वेळ लाळ किती पातळ करायची हे ठरवण्यात द्या. अमायलेजचं प्रमाण माणसागणिक खूप बदलतं. लाळ घट्टच वापरली तर जिवाणूंनी धरलेला वाटा एकूण साठ्यात दिसतच नाही. म्हणून १०, ५० आणि १०० पट पातळ करून प्रत्येकीचे १० मायक्रोलिटर स्टार्च प्लेटवर आधी तपासा. आयोडीन ओतल्यावर स्टार्च तुटलेल्या जागी फिकट वर्तुळ दिसतं; ते स्पष्ट, पण लहान येतं ती पातळी पुढे वापरा.

प्लेटसाठी १०० मिली फॉस्फेट बफरमध्ये (पीएच ६.९) विरघळणारं स्टार्च १ ग्रॅम, प्लेट गोठवणारं अगर-अगर १.५ ग्रॅम आणि मीठ ०.०४ ग्रॅम. मीठ विसरू नका, अमायलेजला क्लोराइड लागतं. ईडीटीए असलेला बफर अजिबात नको, तो अमायलेजचं कॅल्शियमच काढून घेतो. जुलैच्या दमट हवेत झाकणावर पाणी साचतं आणि ते थेंब नमुन्यासाठी प्लेटमध्ये पाडलेल्या खड्ड्यांत पडतात. प्लेट आधी उघडी वाळवून घ्या.

लाळ आणि जिवाणू ०.५ मिली-०.५ मिली मिसळून ३७ अंशांवर ३० मिनिटं ठेवा. सोबत तीन नळ्या हव्यातच: लाळ नि बफर, जिवाणू नि बफर, आणि लाळ नि स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. सगळ्या फिरवून वरचा द्रव खड्ड्यांत घाला, तीन-चार तासांनी ल्यूगॉल आयोडीन ओता. रंग लवकर उडतो, वर्तुळं लगेच मोजा.

गॉर्डोनायची नळी लहान वर्तुळ देईल. म्युटन्स अमायलेज धरत नाही, त्यामुळे त्याची नळी निव्वळ लाळेएवढंच वर्तुळ देईल. गॉर्डोनायचा खाली बसलेला गोळा धुऊन प्लेटवर ठेवला तर त्याच्याभोवतीही स्टार्च गेलेलं दिसतं. हा जिवाणू हृदयाच्या झडपांना संसर्ग करू शकतो, म्हणून हातमोजे घाला आणि सगळं १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करूनच टाका.