डिजिटल जाहिरातीतल्या करिअरवरचं विद्यार्थ्यांचं सेमिनार : मूल्यमापन कसं करावं

आभारप्रदर्शनानंतर वाटलेल्या अभिप्रायाच्या फॉर्मवर फार विसंबू नका. चहाची घाई असते, आयोजक मित्र समोरच उभे असतात. मग सगळीकडे 'उत्तम'वर खूण. अमेरिकी प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९मध्ये प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या : प्रतिसाद, शिकणं, वागण्यातला बदल आणि परिणाम. हा फॉर्म पहिल्याच पायरीवर थांबतो. पुढच्या दोन पायऱ्यांना पैसा लागत नाही, आधीची तयारी लागते.

शिकणं मोजायला सुरुवातीला पाच प्रश्न द्या आणि शेवटी तेच पुन्हा. 'या क्षेत्रात रस आहे का?' असले प्रश्न नकोत. १०,००० रुपये खर्चून २,००,००० इम्प्रेशन्स (जाहिरात दिसण्याच्या वेळा) आणि २,००० क्लिक्स मिळाले, तर सीटीआर (इम्प्रेशन्सपैकी क्लिक्सचं प्रमाण) आणि सीपीसी (एका क्लिकचा खर्च) किती? (१ टक्का, ५ रुपये.) मीडिया प्लॅनर आणि परफॉर्मन्स मार्केटर यांच्या कामात फरक काय? (पहिला जाहिरात कुठे, कधी द्यायची ते ठरवतो; दुसरा क्लिक, विक्री अशा मोजता येणाऱ्या निकालांसाठी जाहिराती चालवतो.) पैसे घेऊन केलेली रील जाहिरात आहे हे सांगणं कुणाची जबाबदारी? वक्त्यांना विषय आधी कळवा, प्रश्न नको. जो मुद्दा मंचावर आलाच नाही, त्याचा प्रश्न हिशेबातून काढून टाका.

फॉर्मवर नाव किंवा रोल नंबर मागू नका. प्रत्येकाने स्वतःचा चार अक्षरी सांकेतिक शब्द दोन्ही फॉर्मवर लिहावा. आधी ८० जणांनी आणि नंतर ४६ जणांनी फॉर्म भरला, तर ज्या ४६ जणांचे दोन्ही फॉर्म जुळतात तेवढ्यांचीच तुलना करा. नाहीतर कंटाळून निघून गेलेले फक्त दुसऱ्या सरासरीतून गळतात आणि ती आपोआप वर जाते. दुसऱ्या फॉर्मचा क्यूआर कोड आभाराआधी पडद्यावर लावा आणि चार मिनिटं शांत बसू द्या.

समितीबाहेरचे दोन निरीक्षक मागच्या रांगेत बसवा. दर दहा मिनिटांनी डोकी मोजायची आणि प्रत्येक प्रश्न जसाच्या तसा, वेळेसह टिपायचा. हमखास बिघडतं ते वेळेचं गणित : ४० मिनिटांचं भाषण ६५ मिनिटं चालतं आणि प्रश्नोत्तरं कापली जातात. पाहुण्यांना 'वेळ संपली' अशी चिठ्ठी देण्याचा अधिकार कुणालाच दिलेला नसतो, हे त्याचं कारण. वक्ता क्लास चालवत असेल आणि शेवटची दहा मिनिटं कोर्सच्या सवलतीत गेली, तर तेही नोंदवा. आशयही तपासा : सगळा वेळ इन्फ्लुएन्सर आणि कॉपीरायटिंगवर गेला, की कॅम्पेन ऑपरेशन्स (जाहिराती प्रत्यक्ष चालवणं), अ‍ॅनालिटिक्स, क्लायंट सर्व्हिसिंगही (जाहिरातदार ग्राहकांशी समन्वय) आलं?

वागण्यातला बदल मोजायला तीस दिवसांनी तीनच प्रश्न पाठवा. इंटर्नशिपला अर्ज केला का? वक्त्यांशी संपर्क साधला का? गूगल स्किलशॉप या गूगलच्या प्रशिक्षणाच्या संकेतस्थळावरची एखादी परीक्षा दिली का? (ती मोफत आहे आणि गूगल अ‍ॅड्सचं प्रमाणपत्र वर्षभर चालतं.) उत्तर देणारे थोडे असतील तर टक्केवारी काढू नका, आकडेच लिहा.

आयोजकांचे १०० गुण असे : विषय आणि वक्ते ३०, वेळ २०, प्रश्नोत्तरं २०, श्रोत्यांचं शिकणं २०, प्रसिद्धी आणि हिशेब १०. उपस्थितीला गुण नकोत. हजेरी सक्तीची केली की सभागृह भरतंच. प्रसिद्धीचे गुण मात्र कडक द्या. इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप आणि सूचनाफलक यांसाठी नोंदणीच्या वेगळ्या लिंक केल्या नसतील, तर नोंदणी कुठून आली हे समितीला सांगता येणार नाही, आणि जाहिरातीच्या सेमिनारमध्ये ते खपवून घेऊ नये.