वाक्याच्या शेवटी कोणतं चिन्ह? मुलांना असं शिकवा

दुसरी-तिसरीतली मुलं पूर्णविराम गाळतात, ती नेहमी आळसानं नव्हे. बरेचदा वाक्य कुठे संपलं हेच त्यांना कळलेलं नसतं. म्हणून 'कोणतं चिन्ह' हे नंतर, आधी 'कुठे'. रोज १०-१५ मिनिटं पुरतात.

१. शेवट शोधणं

मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं, त्याचा फायदा घ्या. एकही चिन्ह न घालता छोटा उतारा लिहून द्या: 'राजू उठून अंगणात गेला तिथे मांजर बसलं होतं त्यानं त्याला दूध दिलं'. मुलानं मोठ्यानं वाचत क्रियापदाखाली रेघ मारायची. 'उठून'पाशी हमखास गाडी अडते. तेव्हा फक्त 'राजू उठून' एवढंच म्हणून थांबा. ऐकणारा 'पुढे काय?' म्हणत असेल, तर वाक्य संपलेलं नाही. 'आणि मग, आणि मग' करत पानभर एकच वाक्य लिहिणाऱ्याला प्रत्येक 'आणि मग' खोडून तिथे टिंब देऊन पाहायला सांगा.

२. कान तयार करणं

पुठ्ठ्याची तीन कार्डं करा: पूर्णविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह. 'पाऊस आला' हेच दोन शब्द तीन तऱ्हांनी म्हणा. मुलानं कार्ड वर करायचं. मग तुम्ही कार्ड दाखवा, त्यानं म्हणायचं. मात्र नुसत्या आवाजावर विसंबू नका. 'बाबा आले?' म्हणताना आवाज चढतो, 'तू कुठे गेला होतास?' म्हणताना तो बरेचदा खालीच येतो. म्हणून जोडीला एक प्रश्न ठेवा: बोलणाऱ्याला उत्तर हवंय का?

३. फसवे शब्द

'काय, का, किती, कोण दिसलं की प्रश्नचिन्ह' असा नियम मुलं स्वतःच करून घेतात, कधी आपणही घाईत तसंच शिकवतो. सगळ्यात जास्त चुका इथून येतात. या जोड्या शेजारीशेजारी लिहा:

किती वाजले? / किती मोठा साप!
काय खाल्लंस? / काय हा पसारा!
आई कुठे गेली? / आई कुठे गेली ते मला माहीत नाही.
तू गप्प का? / का कुणास ठाऊक, तो आज गप्प होता.

तिसऱ्या जोडीवर दोन दिवस घालवले तरी चालतील. दुसऱ्या वाक्यात प्रश्न आत दडलाय, पण बोलणारा काही विचारत नाही, सांगतोय. खूण म्हणून 'ते', 'हे' यांकडे बोट दाखवा.

'जरा पाणी देता का?' ही विनंती असली तरी रचना प्रश्नाची, म्हणून प्रश्नचिन्ह. 'दार लाव.' या साध्या आज्ञेला पूर्णविराम; 'पळ! साप!' इथे उद्गारचिन्ह. 'किती वेळा सांगायचं तुला' याला प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह दोन्ही शोभतात, तिथे गुण कापू नयेत. तीन-तीन उद्गारचिन्हं मोबाइलवरून वहीत उतरतात; वहीत एकच.

४. वहीतली जागा

एकेरी वहीत मराठी अक्षरं रेघेला लटकतात, त्यामुळे टिंबाला खाली टेकायला रेघ नसते. ते फार खाली गेलं तर खालच्या ओळीतल्या शब्दावर अनुस्वार होऊन बसतं. टिंब अक्षराच्या पायाशी, शब्दाला लागून. नव्या ओळीच्या सुरुवातीला कधीच नाही. काही मुलं प्रत्येक ओळ संपली की टिंब देतात. त्यांना दोन ओळींत मावणारं एकच वाक्य लिहायला द्या. हिंदी शिकू लागलेली मुलं मराठीतही उभा दंड देतात. हिंदीत दंड, मराठीत टिंब, एवढं सांगून पुढे जा. (जुन्या मोडी कागदांत विरामचिन्हं नसत, मराठीत ती एकोणिसाव्या शतकात रुळली. मराठी कोशाचं काम केलेले इंग्रज अधिकारी मेजर थॉमस कँडी यांचा त्यात मोठा वाटा.)

५. स्वतःचं लेखन तपासणं

लाल पेनानं चिन्हं भरून देऊ नका. मुलानं लिहिलंय तसंच वाचून दाखवा: टिंब नाही तिथे दम न घेता, चुकून प्रश्नचिन्ह आहे तिथे विचारल्यासारखं. 'मला लाडू आवडतो?' असं ऐकलं की ते हसतं आणि पेन्सिल स्वतःच उचलतं.