तंगीचे दोन अर्थ : एकटं राहताना, हात आखडलेला असताना रोजची कृतज्ञता कशी जपावी

आमच्या बेळगावच्या वडगावात मराठी आणि कानडी एकाच भिंतीला पाठ टेकून राहतात. मराठीत तंगी म्हणजे पैशाची ओढाताण. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. आई गेली आणि मी एकटी राहायला लागले, त्या पहिल्या पावसाळ्यात शेजारच्या अव्वा रोज रात्री भिंतीपलीकडून विचारायच्या, "ऊटा आतेन, तंगी?" जेवलीस का, बाई? पोटात नुसता चहा असायचा, तरी मी सांगायची, "आतरी, अव्वा." झालं म्हणून.

खोटं एवढ्यासाठी बोलायची, की खरं सांगितलं असतं तर त्यांनी भाकरी पाठवली असती आणि परत काय पाठवायचं हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला असता. एकट्या आणि ओढगस्तीतल्या माणसाला कृतज्ञता जड जाते ती इथे. दुसऱ्याकडून काही घ्यायचीच धास्ती बसते, कारण घेतलेलं सगळं उधारीसारखं अंगावर चढतं. त्यात "आहे त्यात समाधान मानावं" असं कुणी ऐकवलं की मला राग यायचा. अजूनही येतो. म्हणून सुरुवातीलाच सांगते, समाधान मानायला मी कुणाला सांगणार नाही. उधारी आणि माया यांचे हिशेब वेगळे ठेवता येतात, आणि ते रोज कसे ठेवायचे एवढंच सांगते. मी घरी साड्यांना फॉल-पिको करते. तीन वर्षं ही सवय पाळते आहे. जे मला लागू पडलं तेवढंच खाली आहे.

पहिली पायरी : आधी उधारी लिहून काढा

शंभरपानी साधी वही घ्या. डावं पान पैशाचं. किराणा दुकानाचं देणं, भाडं, भिशी, गॅस, औषध, जे असेल ते खऱ्या आकड्यानिशी लिहा. कृतज्ञतेच्या वहीत कर्ज कशाला, असं वाटेल. पण देणं डोक्यात फिरत असताना मन दुसरं काही बघतच नाही. दिवा मालवल्यावर अंधारात आकडे वाढत जातात. कागदावर २,३४० रुपये हे २,३४० रुपयेच राहतात. ते उतरवलं की उजव्या पानाकडे वळायचं.

उजवं पान मिळालेल्याचं. तिथे एकच कडक नियम: रुपयाचा आकडा लिहायचा नाही. कुणी शेरभर जोंधळे दिले, तर बाजारात त्याचे किती झाले असते हे मनातही काढायचं नाही. किंमत लावली की ती वस्तू डाव्या पानावर गेलीच म्हणून समजा. खरोखरचे उसने पैसे मात्र बिनचूक डावीकडेच लिहा. ते "मायेने दिलेत" म्हणून उजवीकडे ढकलणं हाही अन्याय आहे, देणाऱ्यावर.

वेळ घड्याळाला बांधू नका, कामाला बांधा. माझं रात्रीची भांडी घासून झाली, हात पुसले, की वही. पाच मिनिटं पुरतात.

दुसरी पायरी : तीन ओळी, आणि ओळीत माणूस

पहिले चार दिवस मी लिहिलं, "डोक्यावर छप्पर आहे. हातपाय धड आहेत. मशीन चालू आहे." पाचव्या दिवशी तेच लिहायचा कंटाळा आला. वही महिनाभर फळीवर पडून राहिली. पुन्हा उघडली तेव्हा ठरवलं, ओळीत शक्यतो माणूस हवा आणि त्याने नेमकं काय केलं ते हवं.

एका गुरुवारची माझी ओळ अशी आहे: "टेलरअण्णांनी अर्धी वापरलेली रिळं दिली. त्यात मोरपंखी निघालं." ही ओळ वाचताना ती दुपार तशीच्या तशी समोर येते. इरकल साडी आली होती, काठ मोरपंखी, आणि माझ्याकडे त्या रंगाचा दोरा नव्हता. हिरवा लावला तर पिवळट दिसत होता, निळा लावला तर उठून दिसत होता. पिशवीतली रिळं मी अंथरुणावर ओतली. जुन्या पांढऱ्या रिळाखाली, टोकाला गाठ मारलेलं, ते मोरपंखी होतं. पूर्ण साडीला पुरून बोटभर दोरा उरला. "आज काम नीट झालं" एवढंच लिहिलं असतं तर यातलं काहीच हाती राहिलं नसतं.

तीन ओळी हा आकडा जुळला तर ठीक, दोनच सुचल्या तरी चालतं. ओळ लांब करण्यापेक्षा बारीक करा: कुठला रंग, किती वाजता, कुठल्या हाताने.

अभ्यासकांनीही हे तपासलेलं आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली एक संशोधन प्रसिद्ध केलं. त्यात काही विद्यार्थ्यांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या आणि दुसऱ्या गटाने त्रासाच्या गोष्टी लिहिल्या. पहिल्या गटाला आपलं आयुष्य जास्त बरं वाटलं, येणाऱ्या आठवड्याबद्दल आशाही जास्त होती. ती मुलं भाड्याच्या विवंचनेत होती असं मी म्हणत नाही. पण आठवड्यातून एकदा लिहूनही उपयोग होतो, हे माझ्यासारखीला दिलासा देणारं आहे. रोजचं लिहिणं शिळं वाटायला लागलं, तर पंधरा दिवस फक्त रविवारी लिहा आणि एकाच गोष्टीबद्दल पानभर लिहा.

तिसरी पायरी : कुणीच भेटलं नाही त्या दिवशी

एकट्या माणसाचा एखादा दिवस एक शब्दही न बोलता जातो. आषाढात, पावसाची झड लागली की गिऱ्हाईक फिरकत नाही. अशा दिवशी घरातली एक वस्तू उचला आणि तिला मागे मागे घेऊन जा.

मी पाण्याच्या तांब्यापासून सुरुवात केली होती. आमच्या गल्लीत पाणी रोज येत नाही, येतं त्या दिवशी सगळी भांडी भरून ठेवावी लागतात. तांब्यातलं पाणी हंड्यातून, हंडा नळावरून, नळ पाणी सोडणाऱ्या माणसाच्या चावीवरून, त्यामागे किती मैल पाइप, आणि त्याच्याही मागे मार्कंडेय नदीवरचं राकसकोपचं धरण. तिथे पाऊस कोसळला म्हणून इथे माझा तांब्या भरला. मधल्या माणसांपैकी एकाचंही नाव मला ठाऊक नाही. लिहिता लिहिता पान भरलं आणि खोलीत मी एकटीच आहे, हे थोडा वेळ जाणवलं नाही.

भाकरीचं पीठ, अंगावरचं लुगडं, माचिसची काडी, काहीही चालेल. खासबाग-वडगावात राहणाऱ्यांनी तर लुगडं जरूर घ्यावं. मागावरची माणसं शेजारीच आहेत, त्यांचे हात रोज दिसतात.

चौथी पायरी : काय लिहायचं नाही, ते ठरवा

हे मी उशिरा शिकले. एका दुकानदाराने माझ्या मजुरीचे पैसे सात आठवडे अडवून ठेवले होते. शेवटी दिले, तेव्हा मी भाबडेपणाने उजव्या पानावर लिहिलं, "देवासारखे धावून आले." दुसऱ्या दिवशी ती ओळ वाचली आणि खोडली. ते माझ्याच कष्टाचे पैसे होते. आपलं घामाचं आपल्याला मिळालं, यात उपकार कुणाचा नाही. असले आभार मानत राहिलं की पुढच्या वेळी मागताना जीभ रेटत नाही.

रेशनचा तांदूळ हक्काचा आहे. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी साध्या बसने मोफत जाता येतं, तोही हक्क आहे. ते झिरो तिकीट हातात घेताना मान खाली घालायचं कारण नाही. मात्र खानापूरच्या बसचा कंडक्टर माझा साड्यांचा गठ्ठा बघून दोन क्षण थांबला, शिटी वाजवली नाही, ते उजव्या पानावर जातं. हक्क देणारी व्यवस्था वेगळी, आणि तिच्यात राहून माणुसकीने वागणारा माणूस वेगळा.

हप्त्यासाठी कुणी दारात येऊन धमकावत असेल तर तो विषय कृतज्ञतेच्या वहीत सोडवायचा नाही. कर्नाटकात २०२५ पासून छोट्या कर्जाच्या वसुलीसाठी धाकदपटशा करण्याविरुद्ध कायदा आहे; पोलिसांत जावं, सोबत कुणाला तरी न्यावं.

पाचवी पायरी : अगदीच वाईट दिवस

"आज काही नाही" एवढंच लिहा, तारीख घाला आणि वही मिटा. जबरदस्तीने गोड लिहू नका. असे दिवस लागोपाठ येऊ लागले, झोप उडाली, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर वही पुरी पडत नाही. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्रंदिवस चालू असतो, पैसे लागत नाहीत. तिथे बोला, किंवा शेजारचं दार वाजवा.

सहावी पायरी : भांडं रिकामं परत करू नका

लिहिलेलं माणसापर्यंत पोचायला हवं. आठवड्यातून एका ओळीचं तरी तोंडी सांगणं करा. आपल्याकडे घरच्यासारख्या माणसाला "धन्यवाद" म्हटलं की तो परका होतो, त्यामुळे तो शब्द टाळा. त्यांनी केलं त्याने काय झालं ते सांगा. "अण्णा, तुमच्या त्या मोरपंखी रिळावर साडी निभावली बघा." एवढं ऐकून त्यांचा चेहरा कसा झाला होता, तेही मी रात्री लिहिलं.

राहिला परत काय द्यायचं हा प्रश्न. शेजारचं भांडं रिकामं परत करू नये, ही रीत आईने शिकवली होती, आणि हातात काही नसताना तीच रीत मला अडवत होती. एका रात्री अव्वांनी नेहमीसारखं विचारलं आणि मी पहिल्यांदा खरं बोलले, "इन्नू आगिल्री." अजून नाही झालं. पाचच मिनिटांत दार वाजलं. स्टीलची ताटली, वर फडकं, आत जोंधळ्याच्या दोन गरम भाकरी, पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी आणि कडेला शेंगाचटणी. वाफेने फडकं ओलं झालं होतं.

सकाळी ताटली घासून घेतली. तेलाच्या जुन्या डब्यात मी कढीपत्ता लावला आहे, त्याच्या चार काड्या तोडून ताटलीत ठेवल्या. अव्वांनी एक पान चुरडून वास घेतला आणि म्हणाल्या, उद्याच्या फोडणीचं झालं. मोजायचं नव्हतंच, म्हणून चार काड्या पुरल्या.

कढीपत्ता नसेल तर चिमूटभर साखर ठेवा, दोन मिरच्या ठेवा, अंगणातलं एक फूल ठेवा. आणि ताटली दुसऱ्याच दिवशी परत न्या. आठवडाभर घरात राहिली की न्यायचा संकोच वाटायला लागतो.